कुडातली कात्री

नर्सिंगच्या शाळेत मला पहिली शिक्षा झाली ती प्रश्न विचारल्याबद्दल. वॉर्डातल्या प्रत्येक उशीच्या अभ्र्याचं तोंड दाराच्या उलट बाजूला असलंच पाहिजे, असा आमच्या मेट्रनबाईंचा दंडक होता. मी विचारलं, "का?" त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "नर्सने करायचं असतं, विचारायचं नसतं." आठवडाभर मी बेडपॅन घासले. घासता घासताही डोक्यात तेच, की दाराचं आणि उशीचं असं काय वाकडं आहे? उत्तर मला अजून मिळालेलं नाही. कुणाला ठाऊक असेल तर सांगावं, मी आजही ऐकायला तयार आहे.

मी वाढवणची, मच्छीमाराच्या घरातली. बाबा होडीवर जायचे आणि आई सुक्या मासळीची टोपली डोक्यावर घेऊन आतल्या गावांचे बाजार करायची, डहाणू, कासा, कधी पार तलासरीपर्यंत. सातवी पास झाल्यावर मी नर्स होणार म्हटलं तेव्हा भावकीत बरीच कुजबुज झाली. परक्या माणसांची घाण काढायला पोरीला मुंबईला धाडतात, म्हणे. आई मासे साफ करत होती. ती मान वर न करता म्हणाली, "घान तर मी पन काढते. बसून खाता ना तुमी?" त्यानंतर त्या विषयावर आमच्या घरी येऊन कुणी बोललं नाही.

एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या शेवटच्या वर्षांत माझी नेमणूक तलासरीच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून बऱ्याच आत असलेल्या एका लहानशा दवाखान्यात झाली. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या माणसांची नातवंडं आता तिथेच राहत असतील. दवाखान्यात आम्ही तिघं होतो: डॉक्टर, कंपाउंडर आणि मी. हा भाग मुंबईकडे राहणार की गुजरातकडे जाणार, यावर तेव्हा बाजारात रोज वाद चालायचे. दुकानदार गुजरातीत भांडत, कारकून मराठीत, आणि वारली बायका दोघांकडे बघून मान हलवत आपला बाजार उरकून घरी जात.

या बायका लहानमोठ्या सगळ्यांना "तू" म्हणायच्या. डॉक्टरांना त्याचा राग यायचा, मला मात्र बरं वाटायचं. पहिल्याच दिवशी एकीने माझी पांढरी साडी निरखून पाहिली आणि विचारलं, "बाय, नवरा कदी मेला तुजा?"

"अजून केलाच नाही," मी म्हटलं.

"मंग आदीपासूनच नेसून बसलीस?"

कंपाउंडर आठवडाभर हसत होता.

माझं घर तिथून काही फार लांब नव्हतं, पण दवाखान्याभोवतीचं जग मला नवंकोरं होतं. मुंबईत आम्हाला शिकवलेलं सगळं पलंगापासून सुरू व्हायचं. पेशंट पलंगावर असतो आणि नर्स त्याच्या उजव्या बाजूला उभी राहते. इथे पलंगच नव्हता, आणि बाळंतीण दवाखान्यात येतच नव्हती. ती आपल्या झोपडीत, आपल्या सुईणीच्या हाताखाली मोकळी व्हायची. महिनाभर मी रिकाम्या खोलीत चादरी ताणत बसले. मग वरून हुकूम आला की आसपासच्या पाड्यांवरच्या सुईणींना शिकवावं आणि शिकलेल्या प्रत्येकीला एक पत्र्याची पेटी द्यावी. पेटीत कात्री, दोरा, साबण, नखं घासायचा ब्रश आणि कापूस. मी हरखून गेले. खरं सांगायचं तर तेव्हा माझ्या मनात असं होतं की या म्हाताऱ्या हळूहळू बाजूला होतील आणि त्यांच्या जागी आमच्यासारख्या शिकलेल्या मुली येतील. धंद्याचं भविष्य म्हणजे आम्ही, अशी माझी पक्की समजूत होती.

आठजणी आल्या. बाजाराच्या दिवशी सकाळी वर्ग भरायचा, कारण त्या दिवशी त्या तशाही गावात येत. सगळ्यांत म्हातारी होती ती तासाभराच्या वाटेवरच्या पाड्यावरची. हाडाने काटक, दात जेमतेम चार, आणि बोलणं असं की कुणाची भीडभाड नाही. मी शिकवत होते त्यापेक्षा जास्त मी तिलाच विचारत होते. नाळ कशाने कापतेस, असं विचारल्यावर ती उठली, दवाखान्यामागच्या बेटातून एक हिरवा बांबू तोडून घेऊन आली, कोयत्याने उभा चिरला आणि आतून एक पातळ कामटी सोलून माझ्या हातावर ठेवली. तिची कड ब्लेडसारखी होती.

"हिरवाच का?" मी विचारलं.

"वाळलेल्याच्या चुया निघतात. पोराच्या बेंबीत जातील."

"आणि कापून झाल्यावर?"

"चुलीत टाकायची. एका पोराची दुसऱ्याला नाय लावायची."

मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं, कामटीचं चित्रसुद्धा काढलं. मग वही मिटली आणि तिला सांगितलं की आता हे बंद. यापुढे कात्री.

कात्रीचा धडा मी फार मनापासून दिला. वर्ग ओसरीवर भरायचा आणि माझ्याकडे एकच स्टोव्ह, तोही रुसका. पाणी उकळेपर्यंत बाजार उठला असता आणि बायका निघून गेल्या असत्या. म्हणून मी पहाटेच माझ्या खोलीत सगळं उकळून, ट्रेमध्ये मांडून, वर पांढरं फडकं घालून आणलं. मुंबईत आम्ही असंच करायचो. फडकं उचललं तेव्हा आठही जणींच्या तोंडून "आगं बाय" निघालं. कात्री आरशासारखी चमकत होती. मी ती हातात धरून म्हटलं, "वापरायच्या आधी ही वीस मिनिटं उकळायची." त्यांनी माना हलवल्या. मग नाळ कशी बांधायची, कुठे कापायची, हे मी कापडाच्या बाहुलीवर करून दाखवलं आणि त्या प्रत्येकीकडून करून घेतलं. म्हातारीचा हात माझ्यापेक्षा हलका होता.

पेट्या वाटल्या त्या दिवशी म्हातारी आपली पेटी डोक्यावर घेऊन ताठ मानेने बाजारातून चालत गेली. मी दारात उभी राहून पाहत होते आणि मला माझा फार अभिमान वाटत होता.

पावसाळ्याच्या मध्यावर तिच्या हातचं एक मूल सातव्या दिवशी गेलं. तीनेक आठवड्यांनी दुसरं. पहिल्याची मला उशिरा खबर लागली, दुसरं मी डोळ्यांनी पाहिलं. मुलगा होता. आईने स्तन तोंडात दिला तरी त्याला तोंड उघडता येत नव्हतं. जबडा धरला होता, पाठीची कमान झाली होती, आणि दाराशी कुणी पाऊल वाजवलं तरी अंगाला हिसका बसत होता. हा धनुर्वात आहे हे सांगायला मला पुस्तक लागलं नाही. दवाखान्यात जे औषध होतं ते डॉक्टरांनी झोपडीवर येऊन दिलं. दुपारी ते मूल गेलं. मी चुलीजवळ बसून होते आणि माझ्या हातून काहीही झालं नाही.

असली मरणं त्या भागात नवीन नव्हती. दुसऱ्या सुईणींच्या हाताखाली जुन्या कोयत्याने, विळ्याने नाळ कापलेली मुलं अशीच जात, आणि बांबूने कापलेली जातच नाहीत असंही नव्हतं. पण या म्हातारीच्या हातचं मूल असं गेल्याचं पाड्यावर कुणाला फारसं आठवत नव्हतं. आता एका पावसाळ्यात दोन. लोक बोलू लागले की म्हातारीच्या हाताला काहीतरी लागलं. बायका तिला टाळून दुसऱ्या पाड्यावरच्या सुईणीकडे जाऊ लागल्या. त्यात तिच्या स्वतःच्या सुनेला आठवा महिना लागलेला. सुनेची आई येऊन म्हणाली, पोरीला घेऊन जाते, इथे बाळंत होऊ देणार नाही.

म्हातारी दवाखान्यात आली आणि पेटी माझ्या टेबलावर ठेवली.

"घे तुजी पेटी."

"का गं?"

"चाळीस वरसं पोरं काढली. आता माज्या घरातलं पोर दुसरी काढनार." एवढं बोलून ती खाली बसली. रडली नाही.

डॉक्टर माणूस वाईट नव्हते, पण कायम घाईत असायचे. ते म्हणाले, "पेटी जमा करून घ्या. सुईणीचा निष्काळजीपणा असं लिहा आणि वर पाठवा."

"पण तिने नक्की काय केलं ते आधी बघू दे ना मला."

"काय बघणार?"

"ते माहीत असतं तर बघायला कशाला गेले असते?"

माझ्या तोंडाला लगाम नाही, हे त्यांना तोवर कळून चुकलं होतं. त्यांनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिली. सुनेचे दिवस भरायला त्याहून थोडेच जास्त होते.

मी पेटी उघडून पाहिली. साबण निम्मा झिजलेला, म्हणजे वापरलेला. ब्रशचे केस वाकलेले. कात्री तेल लावून लखलखीत ठेवलेली. मी उलट मनातल्या मनात तिची तारीफच केली. मग दवाखाना सुटला की पाड्यावर जाऊन मी एकेक गोष्ट विचारायला लागले. हात कसे धुतेस ते दाखव, म्हटलं. तिने माझ्याहून नीट धुऊन दाखवले. दोरा पेटीतलाच. नाळेवर पूर्वी ती चुलीतली राख लावायची, ती मी बंद करायला सांगितली होती. "तू नको म्हनालीस, नाय लावली." मी शेवटी विचारलं, "कात्रीचं सगळं मी सांगितलं तसं केलंस ना?"

"तू केलंस तसंच केलं," ती म्हणाली.

मी वहीत बरोबरची खूण केली. ती वही अजून माझ्याकडे आहे, आणि ती खूण पाहिली की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. तिने शब्दन् शब्द खरं सांगितलं होतं. ऐकणारीलाच ते कळलं नाही.

मी वेड्यासारखी भलभलत्या गोष्टी शोधत राहिले. विहिरीचं पाणी, बाळंतिणीची गोधडी, शेणाने सारवलेली जमीन. पण जमीन तर पूर्वीही शेणानेच सारवली जात होती. मग बदललं काय? पेटी सोडून काहीच बदललं नव्हतं, आणि पेटी तर मी दिली होती. तिथपर्यंत विचार गेला की माझं मन आपोआप दुसरीकडे वळायचं.

एका रविवारी मी घरी वाढवणला गेले. आईने घोळ मासा आणला होता. तो कापून झाल्यावर मी कोयती धुवायला घेतली आणि हॉस्पिटलच्या सवयीने चुलीवरच्या उकळत्या पाण्यात बुडवायला गेले. आई तिकडून ओरडली, "अगो, गरम पान्यात नको घालूस! धार मरते तिची. मुंबैला जाऊन इतकं शिकलीस नि हत्यार कसं ठेवायचं ते कलत नाय?"

"मग कसं ठेवायचं?"

"कसं म्हंजे? पुसायचं, तेल लावायचं नि कुडात खोचायचं. लहानपनापासून बघतेस ना?"

मी वळून पाहिलं. कारवीच्या कुडाच्या भिंतीत, चुलीच्या वर, आमची दुसरी कोयती आणि विळा खोचलेले होते. जन्मभर तिथेच असायचे. कुडाला शेणामातीचा गिलावा होता, गेल्याच आठवड्यात आईने नवा दिलेला. मी ताट सरकवून उठले. मासा असा टाकून उठलेलं आईने मला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "बरं नाय काय?" मी म्हटलं, "आये, मी जाते." डहाणूपर्यंत चालत, तिथून बस आणि पुन्हा चाल, असं करत दिवस मावळायच्या आत मी म्हातारीच्या दारात पोचले.

तिच्या कुडात कोयता होता, विळा होता, आणि त्यांच्या शेजारी दोन बारीक भोकं होती, एकमेकांना लागून.

"इथं काय असायचं?"

"कातर. दुसरं काय?"

"पेटीत का नाही ठेवलीस?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की ही बाई एवढी शिकलेली आणि हे विचारते! "पत्र्याला पावसात घाम सुटतो. गंज लागंल ना. घरातलं सगल्यांत चांगलं हत्यार ते. चुलीवरची जागा कोरडी." बाळंतपणाला जाताना ती कात्री कुडातून उपसून, धुतलेल्या फडक्याने पुसून नेत होती. फडकंही तिने दाखवलं. स्वच्छ होतं.

"उकळली नाहीस?"

"धार जाईल. आनि तू उकललीस काय? मना तर नाय दिसली. तू फडक्याखालून काढलीस, चमकत होती. मी बी तशीच चमकत ठेवली."

मी तिथेच अंगणात बसले. कुडाच्या शेणातले धनुर्वाताचे जंतू कात्रीवरून सरळ बेंबीत गेले होते. हिरव्या बांबूच्या पोटातली कामटी एकदाच वापरून चुलीत जायची. ती काढून घेऊन मी तिच्या हातात जे दिलं, ते तिने आपल्या माणसांच्या रीतीने जिवापाड जपलं होतं. उकळा असं मी एकदा तोंडाने म्हटलं होतं, पण उकळताना मला कुणीच पाहिलं नव्हतं. आणि हत्याराला गरम पाणी लावायचं नसतं हे मला तरी कुठे नवीन होतं? मी त्याच घरातली. तीन वर्षं मुंबईत राहून ते मी नेमकं विसरून आले होते.

पुढे मी मुलींना शिकवायला लागले, तेव्हा उकळायचं ते वर्गातच उकळलं, पूर्ण वीस मिनिटं, सगळ्यांसमोर. मुली जांभया देत. नव्या मुलीला पाड्यावर धाडायची तर पहिला महिना तिने शिकवायचं नाही, फक्त विचारायचं आणि बघायचं, असा माझा नियम होता. बदलीवर आलेल्या एका अधिकारीणबाईंनी विचारलं, हा वेळेचा अपव्यय कशासाठी? मी त्यांना काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. खरी गोष्ट सांगायची माझी तयारी नव्हती.

त्या पावसाळ्यातही नव्हती. अहवालात मी लिहिलं, "उपकरणे ठेवण्याची पद्धत सदोष आढळली, सुधारणा केली आहे." पद्धत कुणाची, शिकवलं कुणी, काही नाही. डॉक्टरांनी सही केली. बाकीच्या सुईणींकडे मी फिरून आले, बहुतेकींच्या कात्र्याही कुडातच खोचलेल्या होत्या. म्हातारीला मी पेटी परत दिली आणि सांगितलं की कुडातली घाण कात्रीला लागते, म्हणून यापुढे उकळायची. धार गेली तर डहाणूहून लावून आणून देईन. तिने पेटी उचलून डोक्यावर घेतली. माझी चूक मी तिला सांगितली नाही.

सुनेची आई ऐकायला तयार नव्हती. शेवटी ती म्हणाली, दवाखान्यातली बाय स्वतः बाळंतपण करणार असेल तर पोरीला इथे ठेवते. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मला सोपं होतं. पण मी केलं असतं तर त्या पाड्यावर म्हातारीचा हात कायमचा संपला असता, आणि माझी बदली झाल्यावर तिथल्या बायकांनी कुणाकडे पाहायचं? मी म्हटलं, "मी शेजारी बसेन. काढणार सासूच." दुसऱ्याच्या मुलावर मी पैज लावते आहे की काय, असंही मनात येऊन गेलं.

सकाळी कळा सुरू झाल्याचा निरोप आला. मी पोचले तर चुलीवर मडकं रटरटत होतं. म्हातारीने कात्री त्यात टाकली होती आणि हिरव्या बांबूची ताजी कामटीही.

"दोन्ही?" मी विचारलं.

"असू दे. तुजं पन, माजं पन."

मुलगी झाली. रडली. म्हातारीने दोन ठिकाणी दोरा बांधला आणि मडक्याकडे हात नेऊन थांबली. "कंचं घेऊ?"

"तुझा हात बसेल ते."

तिने कात्री घेतली. एका झटक्यात कापलं गेलं नाही, दुसऱ्यांदा चावा घ्यावा लागला. "बघ, धार गेली," ती माझ्यावर डाफरली. बाळंतीण तशातही हसली.

त्यानंतरचे दिवस मी रोज जात होते. चौथा, पाचवा, सहावा. सातव्या दिवशी सकाळी मुलगी दूध ओढेना. सुनेच्या आईने कपाळावर हात मारून घेतला. मी मुलीच्या हनुवटीला बोट लावलं. जबडा सैल होता. तिने जांभई दिली, तोंड वाकडं केलं, आणि मग असं दूध ओढायला लागली की सून ओरडली. म्हातारी उठून बाहेर गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

दहाव्या दिवशी मी निघाले तेव्हा ती माझ्याबरोबर वाटेपर्यंत आली.

"ही का जगली?" तिने विचारलं.

मी सांगू लागले. जंतू असतात, डोळ्यांना दिसत नाहीत, शेणात असतात, उकळल्याने मरतात. ती ऐकत होती. मग म्हणाली, "ते मना कललं. कामटी होती तवर मरत नव्हती. कातर आली नि मेली. ती दोन माज्या हाताने मेली का तुज्या?"

आयुष्यभर मी लोकांना प्रश्न विचारत आले. मला कुणी असा विचारला नव्हता. कुडाचं नाव पुढे करता आलं असतं. "मी तर सांगितलं होतं" असंही म्हणता आलं असतं, आणि ते खोटं ठरलं नसतं.

"माझ्या," मी म्हटलं. "मी माझ्या खोलीत उकळून आणली. तुम्हाला दाखवायला हवं होतं, दाखवलं नाही. तुझी चूक नाही."

मला वाटलं, ती शिव्या देईल. ती खांद्यावरचा पदर नीट करत म्हणाली, "चल."

"कुठे?"

"त्या दोगींना सांग. मी सांगून खरं वाटनार नाय."

मी घाबरले, हे कशाला लपवू? लोक अंगावर येतील, कागद वर जाईल, नोकरी जाईल. तीन वर्षांच्या शिक्षणात पेशंटची पाठ कशी पुसायची इथपासून मेलेल्या माणसाची हनुवटी कशी बांधायची इथपर्यंत सगळं शिकवलं होतं. पण आईच्या दारात जाऊन "तुझं मूल माझ्या चुकीने गेलं" असं सांगायचं कसं, ते कुणी शिकवलं नव्हतं. म्हातारी पुढे चालायला लागली होती. मी तिच्या मागे गेले.

पहिल्या घरी बाप एकटाच अंगणात होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, कुऱ्हाड उचलली आणि रानात निघून गेला. त्याची बायको दाराआडून ऐकत होती. थोड्या वेळाने तिने बाहेर येऊन मला पाणी दिलं. मी ते प्याले.

दुसरं घर त्या मुलाचं, जे माझ्या डोळ्यांसमोर गेलं होतं. त्याची आई उखळात भात सडत होती, सासू ओट्यावर बसली होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. कात्री, कूड, उकळणं, माझी चूक. ती मुसळ मारतच होती. मग थांबली.

"म्हंजे माज्या दुदात काय नव्हतं?"

मी म्हातारीकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "सातव्या दिवशी तिने पाजायला घेतलं नि पोरगं ताठ झालं. सासू म्हनते तिचं दूद नासलं. नवऱ्याला दुसरी बायको बघतात."

"तुझं दूध चांगलं होतं," मी म्हटलं. "दुधाचा काही संबंध नाही. तू त्याला काही केलं नाहीस."

ती सासूकडे वळली. "ऐकलंस?"

सासू दुसरीकडे बघत होती.

"परत सांग," ती मला म्हणाली. "मोठ्यान सांग."

मी परत सांगितलं, शेजारच्या तीन घरांत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.